पातं लोहाराचं, मूठ घरची

आज आपण बोलणार आहोत मुठीबद्दल. खुरप्याची मूठ, विळ्याची मूठ, स्वयंपाकघरातल्या चाकूची मूठ. काही जणी म्हणतील, लाकडाच्या त्या तुकड्यात इतिहास कसला आलाय? पण आधी आपल्या भाषेकडेच बघा. बोटं मिटली की ती मूठ. हत्याराचा जो भाग त्या बोटांत येतो तीही मूठ. पेरणीला पाभरीमागं चालताना बाई चाड्यावर धरते तीही मूठच. तिन्हीला एकच शब्द आहे, आणि तो पंडितांनी नाही, काम करणाऱ्यांनी दिलेला दिसतो.

इतिहासाच्या पुस्तकात मात्र पातं सापडतं, मूठ सापडत नाही. तलवारी, कुऱ्हाडी, भाल्याची टोकं सापडतात. कारण साधं आहे. दगड आणि लोखंड मातीत टिकतं, लाकूड कुजतं, त्याला वाळवी लागते. म्हणून हजारो वर्षं ज्या भागाला माणसाचा हात लागला, नेमका तोच नाहीसा झाला.

आपल्या पुणे जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलं. सांकळिया, ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती तिथं मिळाली. शंभरावर घरं, चुली, धान्याच्या कणग्यांच्या खुणा, जळून कोळसा झालेले जवाचे दाणे. आणि मिळाली दगडाची बारीक पाती, गारगोटीच्या जातीच्या दगडाची, बोटाएवढी किंवा त्याहून लहान, पण धारदार. तांबं तेव्हा महाग आणि थोडं, त्यामुळे रोजची कापाकापी याच पात्यांवर चालायची.

आता एवढंसं पातं नुसतं हातात धरून जवाचं शेत कापता येतं का? येत नाही. अशी पाती लाकडात किंवा हाडात खाच करून बसवायची असतात. मेहरगड इथं, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात, याहूनही कितीतरी जुनी विळ्याची दगडी पाती डांबरासारख्या चिकट पदार्थात बसवलेली मिळाली आहेत. म्हणजे मूठ बसवायची युक्ती लोखंडापेक्षा जुनी, तांब्यापेक्षाही जुनी.

इनामगावात संशोधकांना कुंभाराचं घर ओळखता आलं, सोनाराचं ओळखता आलं, चुना भाजणाऱ्याचंही आलं. मूठ करणाऱ्याचं घर काही मिळालं नाही. आम्हाला विचाराल तर ते मिळणारही नाही, कारण ते काम बहुधा घराघरात होत असणार. जे काम सगळेच करतात त्याची खूण वेगळी राहत नाही.

अख्खी मूठ टिकून राहिल्याचं एक उदाहरण जगभर गाजलेलं आहे, ते मात्र फार लांबचं, युरोपातलं. इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर उंच डोंगरात १९९१ साली बर्फ वितळला आणि एका माणसाचं शरीर वर आलं. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, बर्फामुळे जसाच्या तसा राहिलेला. त्याच्याजवळ छोटी सुरी होती. पातं चकमकीच्या दगडाचं, मूठ लाकडाची, आणि दोन्ही एकत्र धरायला जनावराची वाळवलेली नस गुंडाळलेली. तांब्याची कुऱ्हाडही होती. तिचं पातं झाडाच्या सालीपासून काढलेल्या डिंकासारख्या डांबरानं चिकटवून वर चामड्याच्या पट्टीनं आवळलेलं होतं. आज आपण मूठ हलायला लागली की तिला सुतळी नाहीतर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो. त्याला कुणी अडाणीपणा म्हणत असेल तर सांगा, पाच हजार वर्षांची रीत आहे म्हणून.

पुन्हा आपल्याकडे येऊ, विदर्भात. नागपूरच्या आसपास माळरानावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं दिसतात. लोहयुगातल्या लोकांची ती दफनं. माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा अशी ही ठिकाणं. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली, साधारण २७०० वर्षांपूर्वीची. या वर्तुळांमधून विळे, कुदळी, छिन्न्या, कुऱ्हाडी निघाल्या. त्यातल्या काही कुऱ्हाडींवर एक गंमत आहे. पात्याला लोखंडी पट्ट्या आडव्यातिडव्या, फुलीसारख्या आवळलेल्या आहेत. कशासाठी? दांडा पक्का धरायला. दांडा गेला, पण त्याला धरणारी पट्टी राहिली. मूठ सुटते, पातं निसटतं, माणूस जखमी होतो, या अडचणीवर त्या काळच्या लोहारानं डोकं चालवलं, त्याचा हा पुरावा. राजेरजवाड्यांच्या हकिगतींपेक्षा आम्हाला ही पट्टी जवळची वाटते.

मूठ बदलणं ही काही गरिबीतली तडजोड नव्हती, हे तलवारीवरून कळतं. मराठ्यांच्या काळात युरोपातून सरळ, लांब पाती यायची. त्यांना फिरंग म्हणत. पातं परदेशचं, पण मूठ इथल्या कारागिरानं आपल्या हाताच्या सवयीप्रमाणं चढवलेली. बसवायची पद्धत अशी, की मुठीच्या पोकळीत लाख किंवा राळ भरायची, पात्याचं शेपूट तापवून आत दाबायचं, थंड झालं की घट्ट. मूठ झिजली किंवा मोडली तर पुन्हा तापवायचं, लाख सुटते, जुनी मूठ काढून नवी चढवायची. एकच पातं दोन-तीन पिढ्या चाले, मुठी बदलत. ही लाखेची युक्ती लक्षात ठेवा, पुढं आपल्याला खुरप्याला लागणार आहे.

गावात हे काम कोण करायचं? बारा बलुतेदारांमध्ये सुतार आणि लोहार दोघंही वरच्या ओळीत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात या सगळ्या व्यवस्थेचं वर्णन आहे. लोहारानं फाळ, खुरपं, विळा शेवटायचा; सुतारानं नांगर, पाभर, दांडे बघायचे; आणि सुगीला खळ्यावर आपल्या वाट्याचं धान्य न्यायचं. लोखंड आणि लाकूड बहुधा शेतकऱ्यानं पुरवायचं. ऐकायला हे छान वाटतं, पण बलुतं द्यायचं ते शेतावर. ज्यांच्या घरी शेतच नाही, रोजानं खुरपायला जाणारी जी बाई, तिचं खुरपं कोण शेवटून देणार? तिला पैसे मोजावे लागणार किंवा स्वतः काहीतरी करावं लागणार. बलुत्याच्या गोडव्यात ही बाई कुठं दिसत नाही.

लोहारकामही फक्त पुरुषाचं होतं असं समजू नका. पालं टाकून गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबात पुरुष सांडशीनं लोखंड धरतो, छोटा हातोडा चालवतो, आणि मोठा घण मारते ती बाई. आपल्यातल्या कितीतरी जणींनी बाजाराच्या दिवशी हे बघितलं असेल. नाव होतं घिसाड्याचं, घाव असतात तिचे.

हत्यारावरून माणसाला नाव पडण्याचं सगळ्यात बोचरं उदाहरण म्हणजे ऊसतोड. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबं निघतात ती कारखान्याच्या फडावर. मुकादम उचल देतो ती माणशी नाही, कोयत्यामागं. आणि कोयता म्हणजे कोण? नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, त्याआधी पहाटे उठून भाकरी थापते. हिशेबात मात्र ती एका हत्याराचा अर्धा भाग, आणि उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. दिवसभर कोयत्याची मूठ तिच्याही हातात असते. तिच्या तळहाताचे घट्टे कुठल्या वहीत लिहिलेले नाहीत.

आता घरातल्या चाकूकडे येऊ. आपल्या आज्यांकडे चाकू फारसा नव्हताच, विळी होती. मालवणकडे तिला आडाळो म्हणतात. विळीला मूठ नाही, तिचा पाटच मूठ. त्यावर पाय ठेवून आपल्या वजनानं पातं स्थिर राहतं आणि दोन्ही हात मोकळे. फार विचारपूर्वक केलेली वस्तू आहे ती. ओट्यावर उभं राहून स्वयंपाक आला तशी विळी मागं पडली आणि चाकू आला. न गंजणारं पोलाद, म्हणजे स्टेनलेस स्टील, इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावात १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली यांनी पुढं आणलं. चाकू-सुऱ्यांसाठी ते गाव आधीपासून प्रसिद्ध. तिथं पाती आणि चमचे घासून चकचकीत करायच्या कामावर बायका असायच्या. घाण अंगावर उडू नये म्हणून त्या कपड्यांवर कागद गुंडाळत. आपलं त्यांचं देशाचं नातं वेगळं, कामाचं नाही.

लाकडी मुठीच्या जागी पुढं प्लॅस्टिक आलं. स्वस्त, रंगीत, धुवायला सोपं. पण ते पात्याच्या शेपटावर एकदाच ओतलेलं असतं. आत शेपूट किती लांब आहे हे दिसत नाही, आणि बऱ्याचदा ते चार बोटंसुद्धा नसतं. उन्हात ठेवलं, आचेजवळ राहिलं, की प्लॅस्टिक तडकतं. मग पातं धड असूनही चाकू उकिरड्यावर. चांगलं पातं मुठीपायी फेकून देणं ही सवय अगदी अलीकडची आहे.

आमच्या गटाच्या एका बैठकीला आम्ही सगळ्यांना आपापलं खुरपं घेऊन यायला सांगितलं. बघण्यासारखं होतं. कुणाच्या मुठीला साडीची चिंधी, कुणाच्या ट्यूब, एकीच्या तर तार, आणि त्या तारेचं टोक रोज तिच्या करंगळीला लागत होतं. मूठ हलत असेल तर पातं हातात फिरतं. ते फिरू नये म्हणून आपण जास्त आवळून धरतो, मग मनगट दुखतं, तळहाताला फोड येतात. निसटलं तर डाव्या हाताला जखम. अशी जखम मातीची असते, ती धुऊन दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, हळद दाबून बसायचं नाही.

आणखी एक. बाजारातली मूठ बहुतेक वेळा पुरुषाच्या पंजाच्या मापाची असते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं शेतात राबणाऱ्या बायकांच्या हातांची, पकडीची मापंसुद्धा घेतली आहेत, ती अवजारं करणाऱ्यांनी वापरावीत म्हणून. आपल्याला त्यासाठी थांबायचं कारण नाही. आपला हात आपल्याजवळच आहे.

तर आता मूठ कशी बदलायची ते सांगतो. लागणारं सामान घरात किंवा शेजारी मिळतं: हातोडी, छोटी करवत, पटाशी, कानस, एक लोखंडी सळई.

आधी पात्याला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधा. हे केल्याशिवाय पुढं जाऊ नका. जुनी मूठ लाकडाच्या रेषेच्या दिशेनं पटाशीनं चिरा, ती दोन फाकांत सुटते. शेपूट, म्हणजे मुठीत जाणारा निमुळता भाग, कानशीनं घासून गंज काढा. शेपूट खोलवर खाल्लेलं असेल, बारीक झालेलं असेल, तर मूठ बदलून उपयोग नाही, ते लोहाराकडेच न्या.

लाकूड बाभळीचं चांगलं. धामण मिळाली तर उत्तम. कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि कावडीला पूर्वीपासून तीच वापरतात, कारण ती लवते पण मोडत नाही. ओलं लाकूड घेऊ नका. आज घट्ट बसेल आणि वाळलं की आकसून, चिरून ढिलं होईल. फांदी तोडून सावलीत काही महिने वाळवलेली हवी, उन्हात टाकलेली नको, उन्हात ती तडकते. लांबी आपल्या तळहाताची रुंदी आणि वर दोन बोटं. जाडी अशी की मूठ धरल्यावर अंगठ्याचं टोक मधल्या बोटाला जेमतेम टेकावं. गोल गुळगुळीत करू नका, थोडी लंबगोल ठेवा. गोल मूठ हातात फिरते, लंबगोल फिरत नाही, आणि न बघताही धार कुठल्या बाजूला आहे हे हाताला कळतं.

तोंडाशी लोखंडी किंवा पितळी कडी हवी. काही गावांत तिला शेंबी म्हणतात. जुन्या पाइपाचा बोटभर तुकडा कापूनही चालतो. ती कडी नसेल तर शेपूट ठोकताना लाकूड चिरतं. विदर्भातल्या त्या कुऱ्हाडींच्या पट्ट्यांचं जे काम, तेच हिचं. कडी आधी बसवा, मग भोक.

भोक शेपटापेक्षा थोडं बारीकच ठेवायचं. ड्रिल मशीन नसेल तर सळई चुलीत लाल करून जाळत जाळत भोक पाडा. एकदम दाबून धरू नका, थोडं दाबा, काढा, धूर जाऊ द्या, पुन्हा दाबा. नाहीतर आत लाकूड पेटून भोक मोठं होतं. मग शेपटाचं टोक तापवायचं. इथं जपा. पात्याभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं असलं पाहिजे, आणि निखाऱ्यात फक्त शेपटाचं टोक. लोहारानं पात्याला पाणी दिलेलं असतं. पात्यापर्यंत ऊब पोचली आणि ते निळसर झालं तर पाणी उतरतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. प्लॅस्टिकची मूठ चुलीत जाळून काढणाऱ्या जणी नेमकी ही चूक करतात. वर तो धूर छातीत जातो. प्लॅस्टिक हातोडीनं फोडून काढा.

भोकात राळेची किंवा लाखेची पूड आणि थोडी विटेची बारीक भुकटी घाला. बांगड्यावाल्यांकडे लाख मिळते. तापलेलं शेपूट सरळ आत दाबा, लाख वितळून सगळीकडे भरते. आता मूठ अशी धरा की पातं खाली, मुठीचं बूड वर. पातं जमिनीला टेकवायचं नाही, खाली लोंबतं ठेवायचं, आणि पाय बाजूला. बुडावर लाकडी ठोकळ्यानं ठोका. दरेक ठोक्याला शेपूट आपोआप आत सरकतं. पात्यावर कधी ठोकू नका.

स्वयंपाकघरातल्या रिव्हेटच्या चाकूचं वेगळं आहे, पण सोपं आहे. रिव्हेटची डोकी कानशीनं घासून टाका, खिळ्यानं ढकलून बाहेर काढा. लाकडाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, पातळ. पात्याची भोकं त्यावर उमटवून भोकं पाडा, जाड तांब्याची तार आरपार घाला, दोन्ही बाजूंना थोडी बाहेर ठेवून हलक्या हातानं ठोकत पसरवा. जोरात एक घाव घातला तर पट्टी चिरते, पन्नास हलके घाव घाला. सांध्यात अन्न अडकायला नको, म्हणून दोन नळ्यांचा मिसळायचा गोंद लावला तर बरं.

खंडेनवमीला आपण हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पुजतो. त्याआधीचा आठवडा या कामाला चांगला. पाऊस सरत आलेला असतो, सुगी तोंडावर असते, आणि नाहीतरी सगळी हत्यारं एके ठिकाणी गोळा करायचीच असतात.

शेवटी काचेच्या तुकड्यानं मूठ खरवडून गुळगुळीत करा, हातात जाड फडकं धरून. वर जवसाचं तेल चोळा. गोडंतेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. जवसाचं तेल वाळून लाकडात बसतं. पण ते पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. बाहेर दोरीवर पसरून वाळवा, मग टाका. मूठ चार दिवस सावलीत राहू द्या. पहिल्यांदा मऊ गवतावर चालवून बघा. पातं जरा जरी हललं तरी बोटांना लगेच कळतं. हललं तर पुन्हा पातं खाली, बूड वर, आणि दोन ठोके.